स्वच्छ प्रत

आईने फोन घाईघाईने उशीखाली सरकवला, पण कानातली वायर बाहेर लोंबतच राहिली. लेकीने उशी उचलली. फोनवर एक तिरका, थरथरता सिनेमा चालू होता. कोणीतरी थिएटरात बसून चोरून टिपलेला. अर्धा कोपरा तर पुढच्या रांगेतल्या माणसाच्या डोक्यानेच खाल्ला होता.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लेकीचं पोटच या कामावर चालायचं. इंटरनेटवर चोरून टाकलेले सिनेमे हुडकायचे, निर्मात्याच्या वतीने नोटीस धाडायची आणि ते उतरवायला लावायचे. रोज तीनशे दुवे. एक दार बंद करावं तर दहा खिडक्या उघडायच्या. एकेका दुव्याला दहा सेकंद, त्याहून जास्त नाही, आणि तेही आवाज बंद ठेवून. तीनशे सिनेमांचा कालवा कानांनी सोसायचा म्हटलं तर दुपारपर्यंत डोकं उठतं, म्हणून तिच्या ऑफिसात कोणीच आवाज लावत नसे. बघायचे ते फक्त ठिपके. थिएटरला जाणाऱ्या प्रत्येक प्रतीत मधूनच बारीक ठिपक्यांची खूण उमटते. त्यावरून थिएटर कळतं, दिवस कळतो, कोणता खेळ तेही कळतं.

आताही तिची नजर सवयीने ठिपक्यांकडेच गेली. ते तिला पाठ होते.

ते ज्या थिएटरचे, तिथेच नऊ वर्षांपूर्वी बाबा डोअरकीपर होते. सव्वीस वर्षं त्यांनी तिथे अंधारात बॅटरी धरली, उशिरा येणाऱ्यांना हलक्या आवाजात जागेवर नेऊन बसवलं. त्यांच्या खेळाला कोणीतरी हा सिनेमा चोरला. ठिपक्यांनी थिएटर सांगितलं, आणि मालकाने बाबांना समोर उभं केलं. “हातात बॅटरी असून दिसलं नाही? की बघायचंच नव्हतं?” खरा चोर कधीच सापडला नाही. बाबांनी बॅटरी टेबलावर ठेवली आणि घरी आले. त्यानंतर त्यांचं बोलणंच आटलं. विचारलं तर हो, नाहीतर नाही. दुसऱ्या वर्षी गेले. मागे राहिले दोन फोटो आणि थिएटरचा खाकी कोट. त्या सिनेमाचं नाव पुन्हा घरात कोणी काढलं नाही. लेकीने मात्र शिकून मुद्दाम हीच नोकरी धरली होती.

आणि आता तीच नक्कल. कुठल्याशा पडीक साइटवर नऊ वर्षं धूळ खात पडलेली, आणि शेजारच्या सूनबाईने आईला लावून दिलेली.

“आई, जिच्यापायी बाबा घरी बसले, ती बघतेस तू?”

“अगं, त्यात...”

“काय आहे त्यात? धड चित्र तरी दिसतंय का? सिनेमाच बघायचा तर मी रीतसर लावून देते. उजळ माथ्याने बघ.”

आईने वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. लेकीचा आवाज चढला की ती गप्प बसायची. नवऱ्यानंतर तिला ती सवयच लागली होती.

दुसऱ्या दिवशी लेकीने ऑफिसात पहिली नोटीस त्या दुव्याला पाठवली. जेवणाच्या सुट्टीआधी तो बंद झाला. तेवढ्यावर तिचं मन भरेना. तिने त्या नकलेची ओळख चोरट्या प्रती आपोआप हुडकणाऱ्या यंत्राच्या काळ्या यादीत घातली. आता ती कुठेही चढली तरी यंत्रच तिला खाली ओढणार होतं. महिनाभर ती रोज शोधत राहिली. त्याच सिनेमाच्या लखलखीत नकला पावलोपावली भेटत होत्या, पण ती तिरकी नक्कल काही परत आली नाही. चांगली फुकट मिळत असताना वाईट कोण जपून ठेवतं! इतक्या वर्षांत तिचं एक तरी काम मुळापासून फत्ते झालं होतं. बाबांवरचा डाग आपल्या हाताने पुसला असं तिला वाटलं, आणि ऑफिसातच तिचे डोळे भरून आले.

रविवारी सकाळी तिने आईला टीव्हीसमोर बसवलं. सिनेमा रीतसर घेतलेला, मोठ्या पडद्यावर. नायिकेच्या कुड्यांतला खडासुद्धा चमकताना दिसत होता.

“दिसतंय ना नीट?”

“हो गं. अगदी स्वच्छ.”

“ती घाण कायमची काढून टाकलीय मी. आता शोधूनही सापडायची नाही.”

“कुठेच नाही?”

“कुठेच नाही.”

आईने मान हलवली. मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसून ती सिनेमा बघू लागली. हसण्याच्या जागी ती हसली नाही. तिचं लक्ष टीव्हीवरच्या घड्याळाकडे होतं. वीसेक मिनिटांनी नायिका रिकाम्या घरात एकटीच उभी राहिली. संगीत थांबलं. आईने ऐकू येणारा कान पुढे केला आणि डोळे मिटले.

ऐकू येत नसेल म्हणून लेकीने आवाज वाढवला. आणखी वाढवला. त्या घरात शांतताच होती. मग नायिका वळली, दार उघडून निघून गेली.

आईने डोळे उघडले.

“काय गं? काय झालं?”

“काही नाही. इथे मागून ह्यांचा आवाज यायचा,” आई म्हणाली. “‘पायरी आहे, सांभाळून या.’”