फाटकाबाहेर

"फाटक उघडायचं नाही," नानासाहेबांनी पहारेकऱ्याला बजावलं आणि स्वतःच आडवे उभे राहिले.

फाटकाबाहेर चार खांद्यांवर तिरडी थांबली होती. पुढं शालूबाई. पोटी मूल नव्हतं, म्हणून नवऱ्याच्या अग्नीचं मडकं तिनंच धरलं होतं. खांदेकरी दुष्काळात माणातून आलेले, खाणीवर तिच्या नवऱ्याबरोबर दगड फोडणारे.

सांगलीत इतका महाग रस्ता दुसरा नव्हता. दहा वर्षांपूर्वी इथं ऊस होता आणि उसामधून कृष्णेकडं जाणारी गाडीवाट. ऊस गेला, प्लॉट पडले. विट्याचे सोनंवाले आले, डॉक्टर आले, कारखान्याचे संचालक आले. गाडीवाटेवर डांबर पडलं. गेल्या दिवाळीत रहिवाशांनी वर्गणी काढून रस्त्याच्या तोंडाला फाटक बसवलं. नदीवरचं स्मशान मात्र जागचं हललं नव्हतं.

"मागच्या ओढ्यातनं न्या," नानासाहेब म्हणाले. "आज माझ्या मुलीचा साखरपुडा आहे. पाहुणे येतील आता."

"आवं, वढ्याला कमरंइतकं पानी हाय," खांदेकरी अर्जुना म्हणाला. "मढं व्हाऊन जाईल."

"तो तुमचा प्रश्न."

शालूबाईचा आवाज चढला. "माझ्या सासऱ्याला ह्याच वाटंनं न्हेलं. तवा कुनाला इचारावं लागलं न्हवतं."

नानासाहेबांनी मान दुसरीकडं वळवली. शेजारच्या गच्चीवर एक बाई नाकाला पदर लावून उभी होती. कुठल्याच बंगल्यातून कुणी खाली आलं नाही.

"ठेवा खाली," शालूबाई म्हणाली.

"वयनी, हितं?"

"हितंच. फाटक उघडल्याबिगर उचलायचं न्हाई."

तिरडी डांबरावर टेकली. तेवढ्यात मागं दोन मोटारी येऊन थांबल्या. नवऱ्या मुलाचे वडील उतरले. गर्दी पाहून पुढं आले, चपला काढल्या, प्रेताला हात जोडले.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

नानासाहेब लगबगीनं फाटकाबाहेर आले. "कुणी नाही हो. खाणीवरचा मजूर. तुम्ही चला आत."

शालूबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. आजवर तिनं पुष्कळ गिळलं होतं. जेव्हा जेव्हा ती बोलायला उठली, तेव्हा तेव्हा "ऱ्हाऊ दे, शालू," म्हणून नवऱ्यानं तिला गप्प बसवलं होतं. आता गप्प बसवणारं कुणी उरलं नव्हतं.

तिनं मडकं खाली ठेवलं. वाकून नवऱ्याच्या तोंडावरचं कापड बाजूला सारलं आणि सरळ उभी राहिली.

"पाव्हणं, साखरपुडा आज न्हाई व्हायचा," ती म्हणाली. "भावजींना सुतक हाय. त्यांचा पाठचा सख्खा भाऊ गेलाय."