अडतीस वॅटची भूक

रुक्माने टेबलावर वर्तमानपत्र अंथरले, संगणकातून काढलेला जळका पॉवर सप्लाय त्यावर उपडा धरला आणि तळहाताने दोनदा थोपटला. जाळीतून मूठभर काळी धूळ खाली पडली. पेचकसाचे टोक जवळ नेताच ती धूळ उभी राहिली आणि दाढीसारखी त्याला चिकटली. लोखंडाच्या गावात हवेलाही वजन असते.

खुर्सीपारच्या त्या धरमकाट्यावर भंगाराने भरलेले ट्रक तोलले जात. वजनाची छापील पर्ची हाती असल्याखेरीज कारखान्याच्या फाटकात गाडीला प्रवेश नव्हता. सबब संगणक बंद म्हणजे काटा बंद. मे महिन्याचे ऊन पत्र्याच्या केबिनवर ओतले जात होते आणि बाहेर सात गाड्या खोळंबल्या होत्या.

काट्याचा सुपरवायझर हेमराज बगलेत खोके घेऊन आत शिरला.

"पावर हाउसच्या बाजारातून आणला. सहाशे वॅटचा. आता याचा बाप बी जळत नाही."

"दादा, मांगच्या तिन्ही येळा तुमी मोठाच आणला," रुक्मा शांतपणे म्हणाली. "मोठ्याले पंखा मोठा. पंखा मोठा का लोखंड जास्त ओढते. हे पाहा, पोटात काय भरलं होतं."

"मंग लहान लावतं का?"

रुक्माने पिशवीतून एक काळा अ‍ॅडाप्टर आणि त्याची वीज संगणकाला वाटून देणारी, दोन बोटे रुंदीची एक हिरवी सर्किटची पट्टी बाहेर काढली. अ‍ॅडाप्टर नव्वद वॅटचा. त्याला पंखाच नव्हता. रविवारी तिने काट्याचा संगणक रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडे नेले होते आणि मीटर लावून त्याची भूक मोजून घेतली होती. भर कामात तो अडतीस वॅट घेत होता. हा लहानगा सप्लाय घेतलेली वीज जवळजवळ सगळीच्या सगळी पुढे देणारा होता. मधल्या मधे उष्णतेत उधळणारा नव्हता, म्हणून त्याला वारा घालण्याची गरजही नव्हती.

हेमराज हसला. "हे तं मोबाइलचं चार्जर हाय. याच्यावर काटा चालवशील?"

"अडतीसच खाते ते, दादा. ताटात साठ पोळ्या वाढल्या म्हनून मानूस साठ खाते काय?"

हेमराजचे हसू ओसरले. त्याने दाराबाहेर एकदा पाहून घेतले आणि आवाज खाली आणला.

"हे पाय रुक्मा, सेठ सकाळीच बोलला. आज परत मशीन बंद पडली तं उद्यापासून खुर्चीवर दुसरा पोरगा, आन् तू वापस काट्याची प्लेट झाडाले. मी मधात पडनार नाही. मोठा लाव, जळला तं माझ्यावर येईन. हे लावून जळलं तं तुयावर."

"माझ्यावरच येऊ द्या," रुक्मा म्हणाली.

तिने पट्टी बसवली, तारा जोडल्या आणि बटण दाबले.

काहीच ऐकू आले नाही. ज्या केबिनमध्ये आजवर पंख्याच्या घरघरीवर ओरडून बोलावे लागे, तिथे अशी शांतता पसरली की बाहेरच्या इंजिनांची धडधड स्पष्ट कानी पडू लागली. सर्वांत पुढच्या ट्रकच्या खिडकीतून मारोतराव ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"बाई, चालू झालं का मेलं?"

हेमराजने पेचकस उचलला. रुक्माने आपला पंजा यंत्राच्या आणि त्याच्या मधे ठेवला.

"साडेतीन वाजेपर्यंत कोनी हात लावाचा नाही, दादा. तुमी बी नाही."

तो काही बोलणार, तोच पडदा उजळला.

गाड्या एकेक करून काट्यावर चढू लागल्या. आठ महिने याच खुर्चीवर बसून तिने बोटांना जी सवय लावली होती, ती आज कामास आली. गाडीचा क्रमांक, मालाचे नाव, वजन, पर्ची. पुढची गाडी. हेमराज मात्र खोके मांडीवर घेऊन, रुग्णाच्या उशाशी बसावे तसा स्टुलावर बसून राहिला. आधीचे तिन्ही सप्लाय दुपारी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान गेले होते, हे दोघांनाही ठाऊक होते.

अडीच वाजले. कूलर गरम वारा फेकू लागला. घाम रुक्माच्या कोपरावरून टेबलावर ठिबकत होता. तिने तो पुसला नाही.

तीन वाजले. हेमराजने न राहवून अ‍ॅडाप्टरवर बोट टेकवले, मग पूर्ण तळवा टेकवला आणि तसाच राहू दिला.

"कोमट हाय," तो पुटपुटला. "येवढा थंडा चहा असता तं मी वापस केला असता."

रुक्मा हसली नाही. तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातील आकड्यांवर होती.

साडेतीनला मारोतरावांची गाडी दुसरी खेप घेऊन काट्यावर आली. रुक्माने वजन घेतले, परंतु पर्ची लगेच काढली नाही. प्रत्येक पर्चीच्या तळाशी ऑपरेटर म्हणून आजवर हेमराजचेच नाव छापले जात असे. तिने ती चौकट उघडली, त्यातले नाव एकेक अक्षर करून पुसले आणि दुसरे टंकले. हेमराजने ते पाहिले. खोके मांडीवरून उचलून त्याने खाली जमिनीवर ठेवले.

पर्ची खिडकीतून बाहेर गेली. मारोतरावांनी ती डोळ्यांपासून लांब धरून वाचली: माल, वजन, वेळ, आणि शेवटच्या ओळीवर ते अडखळले.

"ऑपरेटर, रुक्मा कापगते. हे कोन नवीन आली, बाई?"

"मी," रुक्मा म्हणाली. "गाडी पुढं घ्या काका, मांगं लाइन लागून राह्यली."