चौकोनी पाकीट

ग्लाफिरा टपालवाली शेताच्या बांधावर आली, पण तिनं हात वर केला नाही. नांगराला जुंपलेल्या पाचही बायका जागच्या जागी थांबल्या.

घोडे लढाईवर गेल्यापासून बटाट्याच्या शेतात नांगर बायकाच ओढत होत्या. आघाडीवरून येणारी पत्रं बिनपाकिटाची असत, कागदाचीच त्रिकोणी घडी घातलेली. त्रिकोण असला की ग्लाफिरा तो लांबूनच नाचवत यायची. चौकोनी पाकीट यायचं ते सरकारी. त्यात काय असतं, हे गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं. अशी एकोणीस पाकिटं ग्लाफिरानं या गावात पोचवली होती, आणि बायका तिला आता चहालाही बोलवत नव्हत्या.

"लढाई संपून आठवडा झाला, ग्लाशा," नांगराचा दांडा धरून उभी असलेली म्हातारी उस्तिन्या येगोरोव्ना म्हणाली. "आता आणि कुणाचं आणलंस?"

"तुमचं, येगोरोव्ना."

उस्तिन्यानं दांडा सोडला नाही. तिचे दोन मुलगे पहिल्याच वर्षी गेले होते, सैन्य मागे मागे हटत होतं आणि जर्मन तोफा या शेतात ऐकू येत होत्या तेव्हा. उरला होता एकटा तिमोफेइ.

"मी नाही घेणार. विजयाच्या दिवशी सबंध गावासमोर नाचले मी, या वयात. परत घेऊन जा ते."

"असं कसं परत नेऊ?"

"आणलंस तसं!"

ग्लाफिरानं पाकीट पुन्हा निरखून पाहिलं. पत्ता शाईनं लिहिलेला, कारकुनी वळणाचा. तिमोफेइ तर पेन्सिलीनं कोंबडीच्या पायांसारखं लिहायचा. तरीही तिनं पाकीट फोडलं, कारण हातात धरून उभं राहणं त्याहून अवघड होतं. आत कागद होता आणि त्यावर कोंबडीचे पाय होते.

"येगोरोव्ना! त्यानंच लिहिलंय! स्वतः!"

"वाच," म्हातारी म्हणाली, आणि मग ओरडली, "अगं, वाच ना!"

"'आई, पाकीट बघून घाबरू नकोस,'" ग्लाफिरानं वाचलं, आणि एका बाईनं कपाळावर हात मारला. "'एक्केचाळीस साली आम्ही पळत होतो तेव्हा बूट नव्हते, कागद कुठला? आता एल्ब नदीच्या काठावर उभा आहे. पलीकडून अमेरिकन होडीतून आले. आम्ही दोन बाजूंनी जर्मनाला दाबत आलो ते इथं भेटलो. एकाला माझ्या टोपीवरचा तारा फार आवडला. मी तो दिला, त्यानं मला पाकिटं दिली. तारा कुठे गेला म्हणून वरच्यानं माझी खरडपट्टी काढली, ते असो. पत्ता आमच्या कारकुनाकडून लिहून घेतला, म्हटलं, चांगल्या पाकिटाची अब्रू जायला नको. मी धडधाकट आहे.'"

उस्तिन्या ढेकळात मटकन बसली.

"अब्रू म्हणे!" ती रडत रडत ओरडली. "जीव घेतला माझा, गाढवानं! लिही त्याला, ग्लाशा. बर्लिन घेतलंत, चांगलं केलंत. पण पत्र त्रिकोणीच पाठव म्हणावं!"

सगळ्या हसल्या. कित्येक दिवसांनी कुणीतरी ग्लाफिराच्या गळ्यात पडलं. तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि तिलाही हसू आवरेना.

नांगराच्या पुढच्या पट्ट्यातली फ्योक्ला मात्र हसत नव्हती. तिनं खांद्यावरचा पट्टा उतरवला, कापूस भरलेल्या जाड कोटाचं अस्तर उसवलं आणि आतून एक पाकीट काढलं. कोपरे झिजून गोल झाले होते. तोंड मात्र अजून चिकटलेलं होतं.

ग्लाफिरानं ते ओळखलं. बेचाळीस साली, बर्फ पडायच्या आधी, तिनंच ते फ्योक्लाच्या हातात दिलं होतं. घरी जाऊन वाचते, असं फ्योक्ला तेव्हा म्हणाली होती. त्यानंतर कुणी तिच्या सावेलीबद्दल विचारलं, की पोरगा लिहायचा आळशी आहे, एवढंच ती सांगायची.

"म्हणजे पाकिटातूनही खुशाली येते तर," फ्योक्ला म्हणाली. "मी वेडी, इतके दिवस उगाच भीत होते."

ग्लाफिरानं पाकीट घेतलं. आतला कागद केवढा असतो, त्यावर किती ओळी छापलेल्या असतात आणि नावापुरती जागा कुठे मोकळी ठेवलेली असते, हे तिला न फोडताही सांगता आलं असतं.

फ्योक्ला तिच्यासमोर मातीत नीट मांडी घालून बसली. डोक्यावरचा रुमाल तिनं सारखा केला.

"सावकाश वाच हं, ग्लाशा," ती म्हणाली. "मला सगळं ऐकायचंय."