तेरावी चिप

सरिताने डबी उघडली तशी सोजराबाईंनी पदर पुढे केला. साखरा गावातल्या त्या घरात नवी वस्तू पदराने पुसल्याशिवाय ठेवायची रीत नव्हती.

"माय, हात लावू नको!" सरिता केवढ्यांदा तरी ओरडली.

डबीत नखाएवढी चिप होती. तिच्यात केसाहून बारीक वाट कोरलेली. एका काठातून एकाच रंगाचा लेसर आत सोडला की दुसऱ्या काठातून तांबड्यापासून निळ्यापर्यंत सगळे रंग बाहेर पडत. सहा वर्षं सरिता या कामाच्या मागे हात धुऊन लागली होती. अकरा चिपा वाया गेल्या, ही बारावी तेवढी साधली. उद्या नागपूरच्या प्रयोगशाळेत ती सगळ्यांसमोर लावायची होती. काठाला बोटाचा घाम लागला, पदराचा धागा अडकला, तरी उजेड आत शिरला नसता. हैदराबादहून जाताना ती वाट वाकडी करून घरी आली होती, मायला दाखवायला.

सोजराबाईंनी हात मागे घेतला. नुसता घेतला नाही, पाठीमागे लपवला. मान खाली घातली आणि सरकत उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या, स्वतःच्याच घरात.

असं उभं राहणं सरिताने कधी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. माय स्वतः लहान असताना गावच्या आडापाशी अशीच उभी राहायची, कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत. सरिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तसं न्हाई गं माय. आमी बी हातमोजे घालूनच धरतो. साहेबानं हात लावला तरी बिघडते ती."

"व्हय, बराबर हाय. ठिव लेकरा झाकून. माझ्या हातानं बाटंल."

तो शब्द या घरातून केव्हाच गेला, असं सरिता समजत होती.

ती उठली. आपल्याच उघड्या बोटांनी चिप उचलली, मायचा लपवलेला हात पुढे ओढला आणि तळहातावर ठेवली.

"अगं, खराब व्हईल ना! काहून असं करून राहिली?"

"होऊ दे. तेरावी करीन."

सोजराबाईंनी तळहात जरासुद्धा हलू दिला नाही. खुरप्याने घट्टे पडलेल्या तळहातावर दारातलं ऊन आलं आणि चिपेवर हिरवे-जांभळे रंग उमटले. त्यांनी दुसऱ्या हाताने पदर उचलला. चिप पुसली नाही, डोळे पुसले.