पलंगाची आधीची मालकीण

“पण हा पलंग होता कुणाचा?” म्हातारीने तिसऱ्यांदा विचारलं.

डेरेक ऑल्डरॉइड मनातून सुखावला. स्किप्टनमधल्या त्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात व्हिक्टोरिया राणीच्या काळचा हा महोगनीचा संच हिवाळाभर ठाण मांडून होता. पलंग, आरशाचं कपाट आणि तोंड धुवायचं संगमरवरी मेज. हल्लीच्या खुराड्यांत ही धुडं मावतात कुठे? हे खपलं नाही तर दुकानाला कुलूप लाव, असं बायकोने बजावलं होतं.

“आधी माणूस कळू दे. मग घ्यायचं की नाही ते बघेन,” काठी टेकत म्हातारी म्हणाली.

तिने कपाटाचं दार जरा उचलून ओढलं. ते निमूट उघडलं. रोज त्या दाराशी झटापट करणारा डेरेक बघतच राहिला. बाई जाणकार दिसतेय, असं त्याला वाटलं.

सामान विकणारा मुलगा दोनच वाक्यं बोलला होता. आईचं आहे, लवकर उचला. पण भूतकाळ रचण्यात डेरेकचा हातखंडा होता. आणि आईचं सामान विकायला निघालं म्हणजे आई गेली, हे या धंद्यात गृहीतच धरतात.

“मोठी प्रेमळ बाई होती हो,” तो म्हणाला. “याच पलंगावर गेली.”

“अगंबाई! त्रास नाही ना झाला?”

“छे! चहा प्यायली, हसली आणि डोळे मिटले.”

“आणि मुलगा?”

“रात्रंदिवस उशाशी. हात हातात धरून.”

“हात धरून?” म्हातारी पलंगावर टेकली. “कालच दवाखान्यातून आलेय, फार उभं राहवत नाही. रडला का तो?”

“ढसाढसा! सामान देताना मलाच सावरावं लागलं त्याला.”

म्हातारीने डोळे टिपले. डेरेकलाही गलबलून आलं. स्वतःच्याच थापेवर तो भाळला होता. असा गुणी मुलगा आपल्यालाही असता तर, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

“घेते,” ती उठत म्हणाली. “सगळंच.”

“कुठे पोचवू?” डेरेकने घाईने विचारलं.

“जिथून आणलंत तिथेच. आणि दार जेफ्री उघडेल, त्याला हे सगळं असंच सांगा हं. मी गेले तेव्हा तो माझा हात धरून बसला होता, हे बिचाऱ्याला ठाऊकच नसणार.”