भिंतीवरचा पंजा

"हिला स्टूल द्या रे कुणीतरी!" बास्केटबॉल लीगच्या निवड चाचणीत उंचीची पट्टी बघून सर म्हणाले, आणि रांगेतल्या ताडमाड पोरी फिदीफिदी हसल्या. दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वयाच्या अटीत बसणारी तिची ही शेवटची चाचणी होती.

"चल, पुढची कोण?"

"उंची मोजलीत सर, उडी राहिलीय." ती जागची हलली नाही. "ती मोजल्याशिवाय मी जात नसते."

सरांनी वैतागून भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे आधी निवडलेल्या पोरींच्या उड्यांच्या खडूच्या खुणा होत्या. दीक्षाने बोटांना खडू फासला आणि उसळी मारून सगळ्या खुणांच्या वर पंजा हाणला.

सर टेप घेऊन चवड्यांवर उभे राहिले, तरी हात पोचेना.

"स्टूल आणू का, सर?"