डिंकाखालचं पान

सरकारी खर्चाच्या पुस्तकांत लैंगिक मजकूर नको, असा वरून हुकूम आला आणि पाठ्यपुस्तकातलं ‘नकोसा स्पर्श’ हे पान चिकटवून बंद करायचं काम विज्ञानाच्या बाईंच्या गळ्यात पडलं.

"अहो सर, यात वावगं काय आहे?" त्यांनी मुख्याध्यापकांशी हुज्जत घालून पाहिली.

"अनुदान गेलं तर शाळा तुम्ही चालवणार का? चिकटवा मुकाट्याने!"

मग बाईंनी हुकूम काढणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत, वर्गातल्या एकूण एक पुस्तकातलं ते पान डिंक लावून शेजारच्या पानावर दाबून बसवलं. काम तेवढं चोख केलं.

दुसऱ्याच दिवशी एका पुस्तकातलं ते पान नखांनी खरवडून पार फाटलेलं दिसलं. पुस्तक मागच्या बाकावरच्या, कधी तोंडातून शब्द न काढणाऱ्या मुलीचं होतं. कालपासून धुमसणारा सगळा राग बाईंनी तिच्यावरच काढला.

"काय गं, एवढं काय बघायचं होतं तुला त्यात?"



मान वर न करता ती म्हणाली, "खाली मदतीचा फोन नंबर होता ना बाई, तो."